जुन्या गाडीचा आरपीएम मीटर: उघडण्याआधी काय तपासायचं

इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय (आरपीएम) ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा मेला, थरथरायला लागला किंवा भलताच आकडा दाखवू लागला की पहिला हात डॅशबोर्ड खोलायला जातो. तो जरा आवरा. दोष मीटरच्या पोटात असण्यापेक्षा वायर, अर्थिंग, केबल किंवा ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटमध्ये सापडण्याची शक्यता जास्त. त्यातून ठाणे-नवी मुंबईतली खाडीची खारट, दमट हवा वायरीच्या टोकाच्या तांब्याच्या थिंबलवर हिरवा थर चढवतेच.

आधी मीटरची पाठ बघा. जाड केबल नटाने कसलेली असेल तर मीटर यांत्रिक. फक्त वायरी असतील तर इलेक्ट्रिक, आणि त्यात दोन जाती. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या मीटरवर डायलच्या तळाशी बारीक अक्षरांत आरव्हीआय किंवा आरव्हीसी लिहिलेलं असतं. आरव्हीआयमध्ये इग्निशनकडून, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलकडे जाणारी वायर मीटरमधून किंवा त्याच्या पाठीवरच्या लूपमधून जाते आणि मीटर तिच्यातला करंट ओळखतो. आरव्हीसीला कॉइलच्या निगेटिव्हवरून वायर येते आणि तो व्होल्टेजचे ठोके मोजतो. पद्मिनी किंवा ॲम्बेसिडरला बाहेरून बसवलेले मीटर बहुतेक याच दुसऱ्या पद्धतीचे. त्यांच्या मागे ४-६-८ सिलिंडरचा स्विच असेल तर तो आधी पाहा. चार सिलिंडरच्या इंजिनाला तो ८ वर राहिला असेल तर आकडा बरोबर निम्मा दिसतो, ६ वर असेल तर दोन-तृतीयांश.

मीटर खोटं बोलतोय म्हणायचं तर खरा आकडा माहीत हवा. त्यासाठी चोकवाली जुनी ट्यूबलाइट पुरते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. क्रँक पुलीवर (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या चाकावर) खडूची एकच जाड रेघ मारा, बाकीचे दिवे बंद करा आणि ट्यूबच्या उजेडात इंजिन हळूहळू वाढवा. विशिष्ट गतीला त्या एकाच रेघेच्या अनेक रेघा स्थिर उभ्या दिसतील. ६००० ला त्यांच्या संख्येने भागलं की आरपीएम मिळतो: ८ रेघा म्हणजे ७५०, ६ म्हणजे १०००, ५ म्हणजे १२००, ४ म्हणजे १५००, ३ म्हणजे २०००. रेघा पुली फिरते त्या दिशेने सरकत असतील तर गती किंचित जास्त आहे. पाच रेघा २४०० लाही दिसतात, पण दुप्पट गती कानाला कळतेच. एलईडी ट्यूब बहुधा लुकलुकत नाही, तिचा उपयोग होत नाही.

दोन गोष्टींत हयगय नको. पुली थांबलेली दिसते, थांबलेली नसते. पंखा आणि पट्ट्याजवळ हात, ओढणी, सैल बाही नको. आणि हे काम सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये करू नका. तिथे कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. मोकळ्या शेडखाली एक्स्टेंशन ओढून करा.

काटा पूर्ण मेला असेल तर मल्टिमीटर घ्या. ब्रिटिश वायरिंगमध्ये मीटरला फ्यूजमधून येणारी हिरवी वायर वीज देते आणि काळी अर्थ असते. इग्निशन चालू करून हिरवीवर बॅटरीइतके व्होल्ट यायला हवेत. इंजिन चालू ठेवून मीटरचं आवरण आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग सडलंय. थिंबल पॉलिश पेपरने घासा, रंग खरवडून नट कसा. काट्यासोबत पेट्रोल आणि टेंपरेचरचे मीटरही गेले असतील, तर फ्यूज सोडून दुसरीकडे शोधायला जाऊ नका.

आरव्हीसीची ठोक्यांची वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर गाडीच सुरू होत नाही, कारण कॉइलचा निगेटिव्हच अर्थ होतो. ती वायर कॉइलवरून काढून इंजिन सुरू झालं, तर दोष तिथेच. पॉइंट उघडताना त्या टर्मिनलवर काहीशे व्होल्ट येतात, चालू इंजिनात हात लावू नका.

आरव्हीआयचं दुखणं वेगळं. लूपची दिशा उलटी झाली की तो काम करत नाही. कॉइल किंवा वायरिंगचं काम झाल्यावर काटा पडला, तर आधी हेच पाहावं. पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेली) गाडी निगेटिव्ह अर्थ केली असेल तर मीटरच्या आतली जोडणीही बदलावी लागते, नाहीतर आतला ट्रान्झिस्टर जातो. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यावर काटा नाचू लागला तर लूपला एक वेढा वाढवून बघा. त्याने भागलं नाही तर आतलं सर्किट आरव्हीसी पद्धतीचं करणं हाच टिकाऊ उपाय.

कमी गतीला आकडा बरोबर पण वर गेल्यावर काटा उड्या मारतो? मीटरला दोष देऊ नका, डिस्ट्रिब्युटर उघडा, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा भाग; पॉइंट त्यातच असतात. पॉइंट जळलेत का, ल्युकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये गॅप ०.३५ ते ०.४० मिमी आहे का आणि शाफ्ट बाजूला हलतो का ते पाहा. कंडेन्सर नवा घाला, साधारण ०.२ मायक्रोफॅरॅडचा असतो आणि स्वस्त असतो.

यांत्रिक मीटरला केबल बाहेर ओढा. चौकोनी टोक गोल झालंय का, तार कुठे पिळलीय का बघा. काटा लयीत डुलतो तो बहुतेक कोरड्या किंवा फार वळवलेल्या केबलमुळे. ग्रीस पातळ लावा आणि फक्त खालच्या दोन-तृतीयांश भागाला. वर लावलं तर ते तारेवरून चढत मीटरमध्ये जातं, आणि मग काटा उंचावर अडकून राहतो.

हे सगळं ठीक असेल तेव्हाच मीटर उघडा. स्मिथ्सची कडा पिळून फिरवली की खाचा जुळतात आणि ती निघते, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. काट्याला हात नको. आत म्हातारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतील तर तितक्याच मायक्रोफॅरॅडचे आणि तितक्याच किंवा जास्त व्होल्टचे घाला. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. छोटा ॲडजस्टमेंट स्क्रू फिरवण्याआधी त्याच्या जागेवर मार्करने खूण करा. मग ट्यूबच्या उजेडात १५०० आणि २००० वर काटा जुळवा. आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) जुळवू नका, तिथे इंजिनच डुलत असतं.