ऑफिसचा कॉम्प्युटर आणि नेटवर्क कसं वापरावं

नोकरीत रुजू होताना ज्या कागदांवर सह्या होतात, त्यातला एक कॉम्प्युटर आणि नेटवर्क वापराच्या धोरणाचा असतो. बहुतेक जण तो न वाचता सही करतात. पुढे काही बिनसलं की तोच कागद टेबलावर येतो, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर तिथे चालत नाही, कारण खाली सही आपलीच असते.

या धोरणांकडे पाळत ठेवण्याचं साधन म्हणून पाहिलं जातं. काही ठिकाणी ते खरंही असतं. पण त्यातले बरेचसे नियम एकाच गोष्टीसाठी असतात: तुमचं खासगी आयुष्य आणि ऑफिसचं काम एकाच यंत्रावर एकमेकांत मिसळू नये. ते मिसळलं की ऑफिसचं नुकसान होतं आणि तुमचंही होतं. बहुधा तुमचं जास्त. खालच्या सगळ्या पायऱ्या हे वेगळेपण टिकवण्यासाठी आहेत.

पायरी १: धोरण मिळवा आणि चार प्रश्नांची उत्तरं शोधा

धोरण कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवर असतं. नसेल तर एचआर किंवा आयटी विभागाकडे मागा. भाषा कायदेशीर आणि कंटाळवाणी असते, म्हणून वाचताना चारच प्रश्न हातात ठेवा. खासगी कामासाठी थोडाफार वापर चालतो का? कशाकशावर देखरेख असते? स्वतःचा फोन किंवा लॅपटॉप ऑफिसच्या कामाला जोडता येतो का? काही गडबड झाली तर कोणाला, किती वेळात कळवायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा ‘मर्यादित वापर चालेल’ असं मोघम असतं. व्यवहारात त्याचा अर्थ असा घ्या: जेवणाच्या सुट्टीत बातम्या वाचणं किंवा दवाखान्याची वेळ घेणं चालून जाईल. तासन्‌तास व्हिडिओ पाहणं, स्वतःचा जोडधंदा चालवणं, पायरेटेड सिनेमे उतरवणं किंवा अश्लील मजकूर उघडणं कुठेच चालत नाही. शंका असेल तर वरिष्ठांना मेलवर विचारा. तोंडी मिळालेली परवानगी सहा महिन्यांनी कोणाला आठवत नाही.

पायरी २: कोणाला काय दिसतं ते समजून घ्या

इथे गैरसमज फार आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो.

ब्राउझरचा इन्कॉग्निटो मोड त्या कॉम्प्युटरवरची हिस्ट्री आणि कुकीज ठेवत नाही. त्याचं काम तेवढंच. तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे ऑफिसच्या नेटवर्कला तरीही दिसू शकतं. कारण पान उघडण्याआधी तुमचं यंत्र त्या साइटचा पत्ता डीएनएस सर्व्हरला विचारतं आणि ऑफिसात तो सर्व्हर सहसा कंपनीचाच असतो. साइट एचटीटीपीएसवर (मजकूर झाकून पाठवणाऱ्या सुरक्षित जोडणीवर) असली तरी जोडणी सुरू होताना साइटचं नाव बहुधा उघडं जातं. पानावरचा मजकूर मात्र झाकलेला राहतो.

आता याच्याही पुढचं. कंपनी स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःचं रूट सर्टिफिकेट (साइट खरी मानण्यासाठी यंत्र ज्यावर भरवसा ठेवतं ते मूळ प्रमाणपत्र) बसवू शकते. तसं केलं की नेटवर्कवरचा फायरवॉल (येणारी-जाणारी वाहतूक तपासणारी यंत्रणा) एचटीटीपीएसची जोडणी मध्येच उघडतो, आतला मजकूर तपासतो आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवतो. हे चालू आहे का ते तुम्हाला पाहता येतं. कोणतीही साइट उघडा, पत्त्याच्या शेजारच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट पाहा. ते देणाऱ्याच्या जागी एखाद्या नेहमीच्या प्रमाणपत्र संस्थेऐवजी तुमच्या कंपनीचं किंवा फायरवॉल बनवणाऱ्याचं नाव असेल, तर तपासणी सुरू आहे. अशा यंत्रावर स्वतःच्या बँकेचा पासवर्ड टाकू नये, एवढं तरी ठरवून टाका.

मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला की सुटलो, असंही अनेकांना वाटतं. नेटवर्क बदलतं, लॅपटॉप तोच राहतो. त्यावर बसवलेलं सुरक्षा सॉफ्टवेअर कुठूनही नोंदी पाठवू शकतं. घरून व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) लावून काम करताना तर काही कंपन्यांच्या रचनेत लॅपटॉपची सगळी वाहतूक ऑफिसमार्गेच जाते. काम संपलं की व्हीपीएन बंद करा आणि घरचं काम घरच्या यंत्रावर करा.

देखरेखीलाही मर्यादा असतात. रुमानियातल्या एका इंजिनिअरने ऑफिसच्या कामासाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवरून भाऊ आणि होणाऱ्या बायकोशी गप्पा मारल्या. कंपनीने ते संदेश वाचले आणि त्याला काढून टाकलं. बार्बुलेस्कू विरुद्ध रुमानिया हे प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे गेलं. ५ सप्टेंबर २०१७ रोजी निकाल त्याच्या बाजूने लागला. देखरेख होणार, ती कोणत्या स्वरूपाची आणि किती खोलवर असणार, याची आधी कल्पना दिलेली होती का, हा न्यायालयाच्या तपासणीतला एक मुख्य मुद्दा होता. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. पण आपल्यावर कशाची देखरेख होते हे विचारणं कोणत्याही कर्मचाऱ्याला शोभतं, आणि ते जरूर विचारावं.

पायरी ३: खाती वेगळी करा

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

ऑक्टा ही कंपनी इतर कंपन्यांना लॉगिनची व्यवस्था पुरवते. सुरक्षा हाच त्यांचा धंदा. २०२३ च्या शरद ऋतूत तिच्या ग्राहकसेवा यंत्रणेत कोणीतरी शिरलं आणि १३४ ग्राहकांच्या फाइल्सपर्यंत पोचलं. तपासात निघालेली गोष्ट अगदी साधी होती. एका कर्मचाऱ्याने ऑफिसच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये स्वतःचं खासगी गूगल खातं उघडलेलं होतं. त्यामुळे ऑफिसच्या एका सर्व्हिस अकाउंटचं (माणसाऐवजी यंत्रणेसाठी असलेल्या खात्याचं) नाव आणि पासवर्ड त्या खासगी खात्यात जाऊन साठले. ते खासगी खातं किंवा त्या कर्मचाऱ्याचं स्वतःचं एखादं यंत्र हॅकरच्या हाती लागलं असावं, असा कंपनीचा निष्कर्ष होता.

‘पासवर्ड सेव्ह करायचा का?’ या खिडकीवर आपण दिवसातून किती वेळा विचार न करता ‘हो’ म्हणतो! सिंक चालू असेल तर तो पासवर्ड त्या क्षणी तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर आणि फोनवरही पोचतो.

म्हणून आजच ऑफिसच्या ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यातलं गोल चित्र पाहा. तिथे तुमचा खासगी मेल दिसत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन सिंक बंद करा, साइन आउट करा आणि ते प्रोफाइल काढून टाका. मग घरच्या यंत्रावरून खासगी खात्यातली साठवलेल्या पासवर्डची यादी उघडा आणि ऑफिसचे पासवर्ड पुसा. ते तिथे सापडले तर आयटीला सांगून बदलूनही घ्या, कारण नुसतं पुसल्याने जुना पासवर्ड निकामी होत नाही. उलट बाजूही बघा. खासगी बँक, विमा, खरेदीच्या साइट्स यांना ऑफिसचा मेल पत्ता दिला असेल तर तो बदला. नोकरी सुटली की त्या खात्याचा पासवर्ड रिसेट करायला लागणारा मेल तुमच्या हातात नसतो.

फोनचंही असंच आहे. ऑफिसचा मेल स्वतःच्या फोनवर घेताना कंपनी बहुधा नियंत्रणाचं अ‍ॅप बसवायला सांगते. अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल असेल तर ऑफिसची अ‍ॅप्स वेगळ्या कप्प्यात राहतात आणि कंपनीला फक्त तो कप्पा पुसता येतो. पूर्ण फोन नियंत्रणाखाली देणार असाल तर तो दूरवरून अख्खा पुसला जाऊ शकतो, घरच्या फोटोंसकट. बसवण्याआधी कोणता प्रकार आहे ते विचारा.

पायरी ४: सॉफ्टवेअर विचारून टाका, अपडेट लगेच घ्या

इंटरनेटवर ‘फुकट’ मिळणारी बरीच सॉफ्टवेअर फक्त खासगी वापरासाठी फुकट असतात. ऑफिसात ती वापरणं म्हणजे परवान्याचा भंग, आणि त्याचं बिल कंपनीला येतं. क्रॅक केलेल्या प्रतीबद्दल तर बोलायलाच नको. ब्राउझरची एक्स्टेंशन्सही सॉफ्टवेअरच आहेत. ‘सर्व वेबसाइटवरील माहिती वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी मागणारं एक्स्टेंशन तुमच्या ऑफिसची प्रत्येक वेबस्क्रीन वाचू शकतं.

अपडेट पुढे ढकलण्याची सवय मात्र मोडा. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) जगभर पसरलं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या त्रुटीतून ते पसरलं तिचं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलं होतं. दोन महिने हातात होते.

पायरी ५: लॉगिन कोणालाही देऊ नका

रजेवर जाताना सहकाऱ्याला पासवर्ड सांगून जाणं सोयीचं वाटतं. पण नोंदीत नाव तुमचंच उमटतं. काम अडणार असेल तर मेलबॉक्स किंवा फोल्डरचा अधिकार सहकाऱ्याच्या स्वतःच्या लॉगिनला मिळतो. आयटीला ते आधी सांगा. जागेवरून उठताना विंडोजवर विंडोज की आणि एल, मॅकवर कंट्रोल, कमांड आणि क्यू एकत्र दाबा.

फोनवर लॉगिनची मंजुरी मागणारी सूचना आली आणि तुम्ही लॉगिन करत नसाल, तर नकार द्या आणि लगेच कळवा. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोराकडे होता. त्याने मंजुरीच्या सूचनांचा भडिमार केला. अखेर एक मंजूर झाली आणि तो आत गेला. अशी सूचना पुन्हा पुन्हा येत असेल, तर तुमचा पासवर्ड कोणाकडे तरी आहे असंच समजा. आयटीतून बोलतोय असं सांगून कोणी ओटीपी मागितला, तर फोन ठेवा आणि तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन करा.

पायरी ६: भिंतीतल्या सॉकेटला आणि यूएसबीला काय जोडता ते पाहा

वायफाय कमी येतं म्हणून घरचा राउटर ऑफिसच्या सॉकेटला लावू नये. तो आजूबाजूच्या यंत्रांना स्वतःच चुकीचे आयपी पत्ते वाटायला लागू शकतो, अख्ख्या मजल्याचं नेट बंद पडू शकतं आणि कारण शोधायला आयटीचा अर्धा दिवस जातो. वर, कमकुवत पासवर्डचं ते वायफाय इमारतीबाहेरूनही सापडतं. रेंज नसेल तर तक्रार नोंदवा. स्वतःचा फोन गेस्ट वायफायवरच ठेवा.

सापडलेला पेन ड्राइव्ह लावून पाहण्याचा मोह खरंच मोठा असतो. इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ पेन ड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले होते. त्यातल्या किमान ४५ टक्क्यांवरच्या फाइल लोकांनी उघडल्या. तो ड्राइव्ह कोणाचा हे शोधायचं काम आयटीवर सोपवा.

पायरी ७: माहिती बाहेर जाते ते दरवाजे ओळखा

चोरीच्या हेतूने माहिती नेणारे थोडे. ‘घरी बसून पूर्ण करतो’ म्हणून स्वतःच्या मेलवर फाइल पाठवणारे पुष्कळ. हेतू चांगला असला तरी ग्राहकांची यादी आता अशा ठिकाणी आहे, जिथे कंपनीचं नियंत्रण नाही. घरून काम करायचं असेल तर ऑफिसचा लॅपटॉप किंवा ऑफिसचं क्लाउड खातं मागा. फाइल ऑनलाइन पीडीएफ करून देणाऱ्या, भाषांतर करून देणाऱ्या अनोळखी साइट्सवर मजकूर टाकणं म्हणजेही तो बाहेर पाठवणंच.

एआय चॅटबॉट हा आता सगळ्यात मोठा दरवाजा आहे. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीचा सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला. मे महिन्यात कंपनीने आपल्या यंत्रांवर अशा साधनांच्या वापरावर बंदी घातली. तुमच्या कंपनीने एखादं साधन मंजूर केलं असेल तर ते कंपनीच्या खात्यातूनच वापरा. मंजूर नसेल तर नावं, आकडे, करार, कोड यातलं काहीही टाकू नका. नुसती नावं काढून टाकलेला मजकूरही कोणाचा ते बऱ्याचदा ओळखू येतं.

मेलच्या बाबतीत एकच: अनेक बाहेरच्या लोकांना एकत्र मेल पाठवताना पत्ते बीसीसीमध्ये टाका, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत, आणि ‘रिप्लाय ऑल’ दाबण्याआधी यादी वाचा.

पायरी ८: गडबड झाली तर लगेच सांगा

संशयास्पद लिंकवर क्लिक झालं, लॅपटॉप हरवला, चुकीच्या माणसाला फाइल गेली, तर पहिला विचार येतो तो लपवण्याचा. भीती समजण्यासारखी आहे. पण तासाभरात कळलं तर आयटी पासवर्ड बदलू शकते, चालू लॉगिन तोडू शकते, हरवलेलं यंत्र दूरवरून कुलूपबंद करू शकते. आठवड्याने कळलं तर यातलं बरंचसं उशिराचं ठरतं. वरिष्ठांनाही इथे एक विनंती. पहिल्यांदा सांगायला आलेल्या माणसावर सगळ्यांसमोर ओरडलात, तर दुसरा कोणी येणार नाही.

काय करायचं ते क्रमाने: नेटवर्कची केबल काढा किंवा वायफाय बंद करा. यंत्र स्वतःहून बंद किंवा रिस्टार्ट करू नका, कारण मेमरीतले पुरावे त्याने जातात. स्क्रीनचा फोटो फोनवर घ्या. मेल पुसू नका. मग दुसऱ्या यंत्रावरून किंवा फोनवरून आयटीला कळवा आणि काय केलं, किती वाजता, ते जसंच्या तसं सांगा. स्वतः फाइल पुसून सावरायला जाऊ नका. त्याने तपास अवघड होतो आणि लपवल्याचा संशय येतो तो वेगळाच.

पायरी ९: नोकरी सोडताना

राजीनामा देण्याआधी नव्हे, दिल्यावर उघडपणे विचारा की खासगी फाइल्स कशा काढून घ्यायच्या. नोटीस काळात अचानक शेकडो फाइल्स कॉपी झाल्या की यंत्रणा इशारा देते, मग त्यात लग्नाचे फोटो का असेनात. पगाराच्या पावत्या आणि अनुभवाची पत्रं खाती बंद होण्याआधी रीतसर मागून घ्या. तुम्ही तयार केलेली सादरीकरणं, कोड, ग्राहकांचे संपर्क हे सहसा कंपनीचे असतात. नमुना म्हणून काही दाखवायचं असेल तर लेखी परवानगी घ्या. लॅपटॉप स्वतः फॉरमॅट न करता परत द्या, त्याची पोच घ्या, आणि फोनवरचं वर्क प्रोफाइल आयटीच्या सांगण्यानुसार काढा. नंतरही एखादं जुनं लॉगिन चालू असल्याचं दिसलं तर ते वापरून बघू नका. बंद करायला कळवा.