‘काहीही वाजवा’ असं स्कोअरमध्ये (रचनेच्या लिखित स्वरलिपीत) कुठेच लिहिलेलं नसतं

प्रायोगिक संगीत म्हणजे ‘काहीही वाजवा’ असं वाटत असेल, तर ते चूक आहे. ते वाजवायचं ठरवलंय, तर आधी अमेरिकी संगीतकार जॉन केज यांच्या मूक रचनेची टिंगल थांबवा. १९५२ मध्ये पियानोवादक डेव्हिड ट्यूडर यांनी ती प्रथम सादर केली, तेव्हा एकही सूर वाजला नाही. पण स्टॉपवॉच समोर होतं, आणि पियानोचं झाकण लावून-उघडून तिन्ही भाग काटेकोर पाळले गेले.

मला खरं नडलं ते अमेरिकी संगीतकार टेरी रायली यांचं ‘इन सी’ (१९६४). ५३ छोटे तुकडे, कोणता किती वेळा वाजवायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. मोकळं रान वाटतं ना? तसं नाही. तुकड्यांचा क्रम बदलायचा नाही आणि एकमेकांपासून दोन-तीन तुकड्यांपेक्षा लांब जायचं नाही. म्हणजे तुम्ही २०व्या तुकड्यावर पोचलात आणि बाकीचे १६व्यावर रेंगाळताहेत, तर २०वाच घोळवत बसायचं, किंवा चक्क हात थांबवून ऐकायचं. पुन्हा सांगतो, थांबायचं. हात सफाईदार असणाऱ्यांनाच हे जास्त जड जातं. पुढे पळालात की तुकड्यांची एकमेकांत होणारी गुंफणच तुटते, आणि रचना तीच तर आहे.

घाबरू नका, लय धरायला आधार असतो. पियानोच्या वरच्या पट्टीतल्या ‘सी’ या स्वरावर एकजण सतत ठोका देतो, ही कल्पना संगीतकार स्टीव्ह राइश यांची. त्यांच्या ‘पियानो फेज’मध्ये (१९६७) मात्र असा आधार नाही. एक वादक जागचा हलत नाही, दुसरा हळूहळू वेग वाढवत एका स्वराने पुढे सरकतो. लॅपटॉपवर हे चुटकीसरशी होतं, म्हणून तिथेच शिकू नका. राइश स्वतः आपल्याच वादनाच्या टेपसोबत बसून हे शिकले. आणि स्कोअर न उघडता ‘फक्त फील करा’ म्हणणाऱ्या गुरूंपासून चार हात लांबच राहा.

याचा आजच्या संगीताशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांना ‘द हू’ या रॉक बँडचं १९७१ चं ‘बाबा ओ’रायली’ हे गाणं ऐकवा. नावात मेहेर बाबांच्या जोडीला हेच रायली आहेत, आणि सुरुवातीला फिरत राहणारे स्वरही त्यांच्याच वळणाचे.

‘इन सी’साठी साधारण ३५ वादक असावेत असं सूचनांत आहे, पण कमी-जास्त चालतात हेही तिथेच आहे. पाचजण जमले तरी बसा. वाद्य कुठलंही चालेल.