जुन्या बुलेटची ठकठक: इंजिन खोलण्याआधी
कास्ट आयर्न बुलेट ३५०ला ऑईल प्रेशरचा दिवा नाही, काटाही नाही. प्रेशर गेल्याचं कानालाच कळतं, आणि तोवर बहुधा बिग एंडने (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं टोक) मान टाकलेली असते.

पहिली चूक पातळी पाहतानाच होते. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की ऑईलच्या टाकीतलं ऑईल पंपाच्या चकतीपाशी झिरपत क्रँककेसमध्ये (क्रँकच्या खोलीत) उतरतं. पट्टीवर कमी दिसतं म्हणून अर्धा लिटर ओतलं की गाडी धूर ओकते. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा, मगच पट्टी बघा. ऑईल २०डब्ल्यू-५०.

आता आवाज. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला. टॅपेटच्या झाकणापाशी टिकटिक असेल तर गार इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला आणून, दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बोटांनी फिरवून बघा. सहज फिरले पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत. फिलर गेज (फट मोजायची पट्टी) लागतच नाही. गार असताना खडखड आणि तापल्यावर शांत, म्हणजे पिस्टन ढिला. त्याची घाई नाही. डावीकडची घरघर बहुतेक प्रायमरी चेनची (इंजिनातून क्लचकडे जाणारी). सर्वांत घट्ट जागी ६ मिमी ढील ठेवा. चढावर थ्रॉटल दिल्यावर खोल ठकठक आणि सोडताच कमी, तर गाडी पुढे चालवू नका. तो बिग एंड.

ऑईल फिरतंय का, यासाठी रॉकरच्या (हेडमधले व्हॉल्व्ह दाबणारे भाग) पाईपचा हेडवरचा बँजो बोल्ट (ऑईल आतून जाणारा पोकळ बोल्ट) आयडलवर थोडा सैल करा. पिचकारी उडणार नाही, ओघळ यायला हवा. मिनिटभरात आला नाही तर इंजिन बंद.

इथेच बरेच जण फसतात. रॉकरला ऑईल आलं म्हणजे बिग एंडलाही पोचलं, असं नाही. बिग एंडला ते टायमिंग कव्हरमधून (इंजिनाच्या उजवीकडचं झाकण) क्रँकशाफ्टच्या टोकात शिरतं, आणि जुन्या इंजिनांत त्या सांध्यावर कॉर्कचं इवलंसं सील असतं. ते चुरगळलं किंवा कव्हर लावताना राहून गेलं की ऑईल कव्हरमध्येच सांडतं. काही रुपयांचं सील, भुर्दंड अख्ख्या क्रँकचा. कव्हर काढलंच आहे तर पंपाच्या चकतीवरून नख फिरवा. रेघ लागली तर बारीक पेस्टने घासून बसवा आणि पेस्टचा कणही उरू देऊ नका. पंप फिरवणाऱ्या वर्मच्या (आटेदार गिअरच्या) नटाला मात्र उलटे आटे आहेत, पान्याला लटकण्याआधी हे आठवा. फिल्टर काढताना स्प्रिंग-वायसरचा क्रम फोटोत ठेवा, आणि परत लावताना फिल्टरची पोकळी नव्या ऑईलने भरा.

काढलेलं ऑईल पांढऱ्या सुती फडक्यातून गाळा. चंदेरी पापुद्रे दिसले तर फ्लोटिंग बुशचा (बिग एंडमधल्या बेअरिंगचा) थर सुटतोय असं धरा. मग बॅरल (सिलिंडर) काढून कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून पाहा. बाजूला थोडा डुलला तर चालतं. उभा जराही हलला तर क्रँक फिटरकडे.