सुट्टा सोडायचाय? आधी टपरीचं बघा

मी चौदा वर्षं सिगरेट ओढली, दिवसाला आठ-दहा, आणि त्यातल्या निम्म्या तरी चहासोबत. दोनदा सोडून बघितली आणि दोन्ही वेळा फेल गेलो ते चहामुळेच, ऑफिसखालच्या टपरीवर कटिंग हातात आला की दुसरा हात आपोआप त्या सुतळीला टांगलेल्या लायटरकडे जायचा, विचारबिचार काही नाही.

म्हणून पहिले दोन दिवस काहीच सोडू नका. फक्त मोबाइलमध्ये लिहून ठेवा, किती वाजता पेटवली, हातात काय होतं, सोबत कोण होतं. कुणाची जेवणानंतरची असते, कुणाची गाडी लावल्यावरची, कुणाची सकाळी संडासला जायच्या आधीची (हसू नका, ही सगळ्यात चिवट). मग आठवड्याभरातली एक तारीख धरा आणि त्या दिवसापासून पूर्ण बंद. 'मी आता एकावर आणलीये' यात फार अर्थ नाही, कारण वीस ओढणाऱ्याला हार्टचा जो जास्तीचा धोका असतो त्याच्या निम्म्याच्या आसपास धोका एक ओढणाऱ्यालाही राहतो. पूर्ण सोडली तर मात्र वर्षभरात तो जास्तीचा धोका साधारण अर्ध्यावर येतो.

पहिले तीन आठवडे टपरी बंद. मी ऑफिसच्या मशीनचं ते गोड पाणी प्यायलो, दुसरा इलाज नव्हता. तलफ येते ती तीन-पाच मिनिटांची, तेवढा वेळ जिना चढाउतरा, बडीशेप चघळा, कुणाला तरी फोन लावा. पहिले तीन दिवस बेकार जातात, चिडचिड होते, झोप उडते, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. दोन ते चार आठवड्यांत उतरतं सगळं. पोट साफ होईना तर सकाळी कोमट पाणी आणि रात्री इसबगोल. खोकला थोडे दिवस वाढू शकतो, छाती साफ व्हायला लागलेली असते, पण रक्त पडलं किंवा थांबतच नसेल तर डॉक्टर गाठा.

मेडिकलमध्ये निकोटिनची चावायची गोळी (निकोटिन गम) मिळते, २ मिलिग्रॅमची, आणि नव्वद टक्के लोक ती साध्या च्युइंगमसारखी भराभर चावून 'घसा जळतो' म्हणून फेकून देतात. हळू चावायची, तिखट झिणझिण लागली की गालात दाबून ठेवायची (तंबाखूवाल्यांना शिकवायला नको), चव गेली की परत चावायची. आधीची पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असताना चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटिन नीट लागूच होत नाही, म्हणजे बघा, इथेही आडवा येतो तो चहाच. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली पेटवत असाल तर ४ ची लागते, ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर. हार्टचं दुखणं असेल किंवा बाई गरोदर असेल तर २ ची सुद्धा विचारूनच. आणि गुटखा, मावा नाहीतर व्हेपकडे वळू नका, व्हेप तर २०१९ पासून देशात विकायलाच बंदी आहे.

आता कायदा. २००३ चा कायदा आहे, २ ऑक्टोबर २००८ पासून स्टँड, स्टेशन, हॉटेल, ऑफिस सगळीकडे बंदी, दंड २०० रुपयांपर्यंत, त्याला कोण घाबरतंय. पण मला पटलेला नियम दुसराच आहे, महाराष्ट्रात २०२० पासून सुटी सिगरेट-बिडी विकता येत नाही. विकतात सगळे, ते सोडा. पण सुटी घेणाऱ्याला पाकिटाच्या ८५ टक्के भागावरचा तो इशारा दिसतच नाही, आणि २०१८ पासून त्यावर छापलेला मदतीचा नंबरही दिसत नाही. मी चौदा वर्षं सुटीच घेतली. शेवटी टपरीवाल्या मामांना म्हटलं, एक रिकामं पाकीट द्या. "कशाला, पोराच्या प्रोजेक्टला?" "नाही मामा, फोन लावायचाय."

नंबर १८००-११-२३५६, फुकट आहे, सकाळी ८ ते रात्री ८. मुंबईत टाटा मेमोरियलला पण त्यांचं सेंटर आहे, मराठीत बोलता येतं. ते तारीख ठरवून घेतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारतात, काय मग, चालू आहे का.

मध्येच एखादी ओढली गेली तर 'आता गेलंच' म्हणून पाकीट आणू नका, त्याच दिवशी फोन लावा. फक्त सोमवारी लाइन बंद असते, मी घसरलो तो नेमका सोमवारच होता, मंगळवारी आठ वाजायची वाट बघत बसलो होतो, हातात मशीनचा चहा घेऊन.