नाथसागरावरचं धुकं टिपताना या चुका टाळा

मार्गशीर्ष लागला की पहाटे जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, म्हणजे नाथसागरावर, धुकं उठायला लागतं. पाण्यात दिवसाची ऊब शिल्लक असते, वरची हवा गार पडलेली असते. चुलीवरच्या पातेल्यातून निघावी तशी पाण्यातून वाफ निघते. दरवर्षी नवी मंडळी कॅमेरे घेऊन येतात आणि त्याच चुका करून परत जातात.

सगळ्यात महागात पडते ती काचेवरच्या दवाची चूक. एका डिसेंबरात मी पहाटे साडेचारला ट्रायपॉड लावला. दर १० सेकंदांना एक फोटो, असे २ तास. पडद्यावर सगळं मऊ, दुधाळ दिसत होतं. धुकं दाट आलंय म्हणून मी खूश. उजाडल्यावर पाहिलं तर लेन्सच्या पुढच्या काचेवर दव साचलेलं. सातशेवर फोटो वाया गेले. निरभ्र आभाळाखाली काच भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते, म्हणून दव तिच्यावर लवकर धरतं. तेव्हापासून मी हूड (लेन्सच्या तोंडावरचं कडं) काढत नाही, लेन्सभोवती जुन्या स्वेटरची बाही गुंडाळतो आणि दर १० मिनिटांनी टॉर्च तिरपा धरून काच बघतो. दव आलंच तर शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) धूळ उडवा, मग स्वच्छ मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसा.

धुक्यात ऑटोफोकस भरकटतो. पाण्यातल्या एखाद्या वठलेल्या झाडावर हाताने फोकस करा. कॅमेरा पांढरं धुकं राखाडी करतो, एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) पाऊण-एक स्टॉप वाढवा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड.

संभाजीनगरहून सहाला निघून काही मिळत नाही. पैठण ५० किलोमीटर आहे, तोवर सूर्य वर आलेला असतो. मग घरी बसून संगणकावर धुकं ‘वाढवतात’. ते बघवत नाही. झोप मोडायची तयारी नसेल तर दुसरा विषय घ्या.

आणि गाळ. पाणी ओसरलेल्या काठावर वरची पापडी वाळलेली दिसते, खाली पाय गुडघ्यापर्यंत जातो. काठी टोचल्याशिवाय मी पुढचं पाऊल टाकत नाही. तिथेच शेतकऱ्यांनी गाळपेर केलेली असते. कोवळ्या हरभऱ्यातून ट्रायपॉड ओढत नेणारे पाहिले की जीव तुटतो. बांधावर कुणी दिसलं तर ‘दादा, इथून जाऊ का?’ एवढं विचारा. पक्की वाट तेच दाखवतात.

रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उडवण्यासाठी टाळ्या वाजवू नका. १९८६पासून हे पक्षी अभयारण्य आहे.

निघताना कॅमेरा गार असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि घरी पोहोचल्यावर तासभर तरी उघडू नका.