मास्टर्स-पीएचडीची वर्षं नीट वापरायची आणि सोबतच करिअरची तयारी करायची, ती कशी

मास्टर्स किंवा पीएचडीला ॲडमिशन मिळाली की पहिले काही महिने बहुतेक जण कॉलेजच चालू असल्यासारखे वागतात, लेक्चर, असाइनमेंट, परीक्षा, आणि डोक्यात एवढंच की आधी डिग्री हातात येऊ दे मग नोकरीचं बघू. हे "मग बघू" फार महागात पडतं. पुढे तुम्हाला घेणारा माणूस कंपनीतला असो, सरकारी संस्थेतला असो की दुसऱ्या विद्यापीठातला प्राध्यापक, तो मार्कांवर एक नजर टाकतो आणि लगेच विचारतो की तुम्ही स्वतः काय केलंत ते दाखवा. दाखवण्यासारखं काम शेवटच्या सेमिस्टरला एकदम तयार होत नाही, ते पहिल्या महिन्यापासून थोडं थोडं साठवावं लागतं. खालचं सगळं त्या साठवण्याबद्दलच आहे.

गाईड निवडताना

सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि तो सगळ्यात घाईत घेतला जातो. नाव मोठं, पेपर भरपूर, एवढं बघून लोक हो म्हणतात आणि मग पुढची तीन-चार वर्षं त्या माणसाशी पटत नाही म्हणून रखडतात. होकार द्यायच्या आधी त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांशी बोला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जे बाहेर पडलेत त्यांच्याशी बोला, कारण त्यांना आता कोणाची भीती नसते. मेलवर नको, फोनवर विचारा, लेखी कोणी काही खरं सांगत नाही. मीटिंग किती दिवसांनी होते, ड्राफ्ट दिला की परत यायला किती वेळ लागतो, आधीचे लोक किती वर्षांत संपवून गेले आणि आत्ता कुठे आहेत, पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागतं, पैसे म्हणजे फेलोशिप मध्येच बंद झाली तर काय होतं. या उत्तरांवरून तुम्हाला त्या लॅबमध्ये दिवस कसे जातील ते बऱ्यापैकी कळतं. फोनवर समोरचा दोन सेकंद थांबून "ठीक आहे तसं" म्हणाला तर ते थांबणंही ऐका.

आणि एकाच गाईडवर सगळा भार टाकू नका. एक जण विषयासाठी, एक जण लिहिण्यासाठी, एक सिनियर रोजच्या अडचणींसाठी, एक विद्यापीठाबाहेरचा करिअरसाठी, अशी चार-पाच माणसं हळूहळू जमवायची. एकाच माणसाकडून सगळं मिळेल ही अपेक्षा त्या माणसावरही अन्याय करते.

मीटिंग वाया घालवू नका

आदल्या दिवशी एक पानाची नोट पाठवा. त्यात तीनच गोष्टी, मागच्या वेळेपासून काय केलं, कुठे अडलंय, आणि आज कुठला निर्णय हवाय. ही तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि मग तासभर छान गप्पा होतात पण हाती काही लागत नाही. मीटिंग संपली की त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत, छोटा मेल टाका. साधारण असा:

"मॅडम, आज ठरलं ते लिहून ठेवतेय. दुसरा प्रयोग सध्या थांबवायचा, पहिल्याचा डेटा पुन्हा तपासायचा आणि आकृती ३ नव्याने काढायची. पेपरचा पहिला ड्राफ्ट मी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत देते. माझं काही चुकीचं समजलं असेल तर सांगा."

एवढंच. पण सहा महिन्यांनी "मी असं कधी म्हटलं होतं" असा विषय निघाला तर हाच मेल कामाला येतो, आणि भांडायची वेळच येत नाही. शिवाय वर्षाच्या शेवटी हे सगळे मेल ओळीने वाचले की प्रोग्रेस रिपोर्ट अर्धा लिहून झालेला असतो.

पेपरवरच्या नावांचं बोलणं काम सुरू होतानाच करून घ्या. अवघड वाटतं, मान्य, पण काम संपल्यावर ते दसपट अवघड होतं. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणायचं याचे चार निकष दिलेत: कामाच्या आखणीत किंवा डेटा मिळवण्यात-तपासण्यात ठोस वाटा, लिहिण्यात किंवा सुधारण्यात सहभाग, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी, आणि हे चारही लागतात. तुमचा विषय वैद्यकीय नसला तरी बोलणं सुरू करायला हे बरं पडतं, कारण मग विषय "माझं नाव कुठे" असा न राहता "नियम काय" असा होतो. बरीच जर्नलं आता क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी पण वापरतात, कोणी कल्पना मांडली, कोणी सॉफ्टवेअर लिहिलं, कोणी डेटा सांभाळला वगैरे, ती पण एकदा बघून ठेवा.

वाचणं, लिहिणं, फाइली

पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत बसू नका. शीर्षक, सारांश, आकृत्या, निष्कर्ष एवढं आधी बघायचं आणि मग ठरवायचं की हा पूर्ण वाचायच्या लायकीचा आहे का, बहुतेक नसतात. जो वाचाल त्याच्या चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा, प्रश्न काय होता, कसं केलं, काय मिळालं, मला ते कशाला लागणार. झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००६ पासून चालू आहे, संदर्भांची यादी स्वतः बनवून देतं. थिसिसच्या शेवटी चारशे संदर्भ हाताने टाइप करणारे लोक अजून आहेत आणि त्यांना बघून खरंच वाईट वाटतं.

लिहायला शेवटची वाट बघू नका. पद्धतीचा भाग तर काम चालू असतानाच लिहायचा, कुठलं यंत्र, कुठलं सेटिंग, किती नमुने, कोणाला का वगळलं, हे त्या आठवड्यात तोंडपाठ असतं आणि वर्षानंतर अजिबात आठवत नाही. रोज अर्धा तास लिहिणारा माणूस सुट्टीत एकदम लिहू म्हणणाऱ्यापेक्षा लवकर सुटतो, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत बघितलंय की आता त्यावर वाद घालत नाही.

फाइलींची शिस्त कंटाळवाणी आहे पण लावाच. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस टाका, म्हणजे फोल्डरमध्ये फाइली आपोआप तारखेने लागतात. मूळ डेटाला कधीही हात लावायचा नाही, कॉपीवर काम करायचं. बॅकअपचा जुना नियम आहे ३-२-१, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या जागी. कोड लिहीत असाल तर गिट शिका, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, दोन दिवस डोकं खातं आणि मग आयुष्यभर उपयोगी पडतं. काम प्रसिद्ध करण्यासारखं झालं आणि गाईडची परवानगी असली की डेटा किंवा कोड झेनोडोवर टाका, ती सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत २०१३ ला सुरू झालेली फुकट ऑनलाइन जागा आहे, तुमच्या फाइलला डीओआय म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो आणि तो रिझ्युमेत देता येतो. म्हणजे पेपर यायच्या आधीसुद्धा दाखवायला काहीतरी असतं.

ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, पहिल्या सेमिस्टरलाच काढून टाका, १६ अंकी असतो, पाच मिनिटं लागतात. एकाच नावा-आडनावाची माणसं भरपूर असतात, लग्नानंतर नाव बदलतं, कोणी नाव पूर्ण लिहितं कोणी नुसती आद्याक्षरं, आणि मग तुमचा पेपर भलत्याच्या खात्यात दिसतो. त्यासाठीच तो आहे.

नोकरीचं काम कधी सुरू करायचं

पहिल्याच वर्षी. अर्ज नाही करायचे, नुसत्या जाहिराती वाचायच्या. तुम्हाला डिग्रीनंतर जे करावंसं वाटतं त्या प्रकारच्या वीस-पंचवीस जाहिराती गोळा करा आणि जे शब्द परत परत येतात त्यांच्याखाली रेघ मारा. समजा संख्याशास्त्र, पायथॉन, रिपोर्ट लिहिणं, टीम सांभाळणं हे सारखं येतंय. आता बघा यातलं तुम्हाला आत्ता काय येतं, थिसिस करता करता आपोआप काय येईल, आणि कशासाठी वेगळा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागेल. ती तिसरी यादी म्हणजे तुमचा पुढच्या दोन वर्षांचा प्लॅन. इलेक्टिव्ह निवडताना सोपा कुठला हे बघण्यापेक्षा ही यादी बघा. आणि प्राध्यापकी हा एकच सन्मानाचा रस्ता असं कोणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या, कायमच्या जागा पीएचडी होणाऱ्यांच्या मानाने कमी असतात, त्यामुळे दोन रस्त्यांची तयारी ठेवणं शहाणपणाचंच आहे.

मग माणसांशी बोला. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिलं होतं की ओळखीतून ज्यांना नोकरी मिळाली त्यातल्या बहुतेकांना ती रोजच्या जवळच्या माणसाकडून मिळाली नव्हती, अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून मिळाली होती. कारण साधं आहे, जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतंच. म्हणून तुमच्या विभागातून पाच-सात वर्षांपूर्वी बाहेर पडलेले लोक शोधा, लिंक्डइनवर सापडतात, आणि चार ओळींचा मेल करा. मी कोण, तुमच्याच विभागात आता काय करते, तुमच्या कामाबद्दल तीन प्रश्न आहेत, वीस मिनिटं फोनवर देऊ शकाल का. नोकरी मागायची नाही, रिझ्युमे जोडायचा नाही. विचारायचं असं की तुमचा आठवडा कसा जातो, इथे शिकलेलं काय उपयोगी पडलं, माझ्या जागी असतात तर आत्ता काय शिकला असतात. दहा जणांना लिहिलं तर काही जण उत्तर देणार नाहीत, चालायचंच. जे देतील त्यांना नंतर आभाराचा मेल टाका, आणि सहा महिन्यांनी त्यांच्या सल्ल्याचं काय केलं ते कळवा, हे दुसरं फारसं कोणी करत नाही म्हणून ते लक्षात राहतं.

कॉन्फरन्सला गेलात तर सगळी भाषणं ऐकायचा हट्ट सोडा, पोस्टरपाशी उभे राहा, लोक तिथेच बोलतात.

स्वतःचं काम सांगायची सवय हवी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ मध्ये तीन मिनिटांत थिसिस सांगायची स्पर्धा सुरू केली, एकच स्लाइड, तीन मिनिटं, ती आता जगभरातल्या विद्यापीठांत होते. भाग घ्या किंवा नका घेऊ, पण तेवढं भाषण तयार ठेवा आणि विषयाशी काही संबंध नसलेल्या माणसाला ऐकवा. तो कुठे कंटाळला ते बघा, तिथलं वाक्य बदला. इंटरव्ह्यूमध्ये पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो.

आणि रिझ्युमे. विद्यापीठाकडे पाठवायचा सीव्ही लांब असतो, सगळे पेपर, शिकवलेले विषय, सगळं येतं. कंपनीचा रिझ्युमे एक-दोन पानांत संपला पाहिजे आणि त्यात तुम्ही काय होतात यापेक्षा काय केलंत ते दिसलं पाहिजे. "संशोधन सहायक म्हणून दोन वर्षं काम केलं" या ओळीतून वाचणाऱ्याला काही कळत नाही. तीच ओळ अशी लिहा, "बाराशे प्रश्नावल्यांचा डेटा तपासला, चुका शोधायला पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहिली, आठवडाभराचं काम एका दिवसावर आणलं". आता त्याला चित्र दिसतं. हे आकडे आयत्या वेळी आठवत नाहीत म्हणून दर महिन्याच्या शेवटी दहा मिनिटं बसून त्या महिन्यात केलेलं एका फाइलीत टाकत जा. ज्युनियरला शिकवलं, बंद पडलेलं यंत्र चालू केलं, फंडिंगच्या अर्जाचा एक भाग लिहिला, सगळं. तुम्हाला क्षुल्लक वाटतं तेच कंपनीवाले विचारतात.

मन आणि तब्येत

मधल्या वर्षात एक काळ असा येतो की वाटतं सगळे हुशार आहेत आणि मीच चुकून इथे आले. या भावनेवर पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच लिहून ठेवलंय, त्यामुळे ही तुमची एकटीची किंवा एकट्याची गोष्ट नाही. आठवड्यातला एक दिवस पूर्ण कामाशिवाय ठेवा, झोप कापू नका, आणि दोन-तीन आठवडे सलग काहीच करावंसं वाटत नसेल तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा, सहन करत बसण्यात काही मोठेपणा नाही.

शेवटचं वर्ष

थिसिसचा फॉरमॅट, मार्जिन, सह्या, डेडलाइन हे नियम सबमिशनच्या सहा महिने आधी वाचा. शिफारसपत्र मागायचं असेल तर निदान महिनाभर आधी मागा, सोबत जाहिरात, सीव्ही आणि "माझ्या या दोन कामांबद्दल लिहाल का" अशी नोट द्या, त्यांनाही सोपं जातं आणि पत्रही नुसतं गोड गोड न होता ठोस होतं. प्राध्यापकीच्या आणि पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या जागेच्या) अर्जांना खूप वेळ लागतो, वर्षभर आधी सुरुवात केली तरी ते लवकर नाही. ऑफर आली की लगेच हो म्हणू नका, पगार, रुजू व्हायची तारीख, कामाची जागा, सगळं लेखी मागा आणि दोन दिवस विचाराला घ्या.

विद्यापीठाचा मेल डिग्रीनंतर कधीतरी बंद होतो, त्यासोबत क्लाउडवरच्या फाइली आणि जर्नलं वाचायची सोय पण जाते. त्यामुळे बाहेर पडायच्या आधी ऑर्किड, गिटहब, झेनोडो, लिंक्डइन सगळीकडे स्वतःचा खासगी मेल टाका, लागणारे पेपर उतरवून घ्या, आणि लॅबचा डेटा कुठे कुठल्या फोल्डरमध्ये आहे याची दोन पानांची नोट पुढच्या ज्युनियरच्या हातात द्या.