करंट दिला की औषध सोडणारी कार्बन फिल्म, पहिल्यांदा बनवताय तर

आधीच सांगतो, फिल्म बनवणं त्यातल्या त्यात सोपं आहे, औषध करंटमुळेच सुटलं हे दाखवताना घाम फुटतो, त्यामुळे निम्मा वेळ त्याच्यासाठी ठेवा.

सुरुवात डेक्सामेथासोन फॉस्फेटने करा. सूज कमी करणारं स्टिरॉइड आहे, पाण्यात विरघळतं आणि त्यावर निगेटिव्ह चार्ज असतो, आपल्याला तोच हवाय. ग्राफीन ऑक्साईड (कार्बनचे अतिपातळ पत्रे) पाण्यात गाळ उरणार नाही इतकं सोनिकेट करा, म्हणजे अल्ट्रासाउंडने नीट पसरवा, मग त्यात औषध आणि पायरोल टाका, याच द्रवाची पुढे फिल्म बनते. पायरोलची बाटली उजेडात धरून बघा हां, ताजं डिस्टिल केलेलं पाण्यासारखं दिसतं, जुनं झालं की चहासारखं, मी एकदा आळस करून तसंच वापरलं आणि धुताना अख्खी फिल्म पापुद्र्यासारखी निघून आली.

आता सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्स (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो इलेक्ट्रोड) लावून साधारण ०.८ व्होल्ट द्या, पायरोल जोडत जाऊन पॉलिपायरोलच्या साखळ्या बनतात आणि इलेक्ट्रोडवर काळा थर चढायला लागेल. घड्याळ बघून थांबू नका, किती चार्ज गेला ते बघून थांबा, नाहीतर दर फिल्मची जाडी वेगळी. पॉलिपायरोलच्या साखळीवर पॉझिटिव्ह चार्ज येतो आणि तो बॅलन्स करायला औषध आत शिरतं, रिड्यूस केलं, म्हणजे उणे व्होल्टेजने इलेक्ट्रॉन दिले, की तो चार्ज जातो आणि औषध मोकळं. ग्राफीन ऑक्साईडही निगेटिव्हच, पण त्याचे पत्रे मोठे, ते जागचे हलत नाहीत.

फिल्म धुऊन पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ठेवा आणि उणे ०.५ व्होल्ट ५ सेकंद, अधिक ०.५ व्होल्ट ५ सेकंद अशा सायकल चालवा. जास्त सुटावं म्हणून व्होल्टेज ताणू नका, बुडबुडे दिसले म्हणजे पाणीच फुटतंय, पीएच बिघडतो आणि फिल्म उचकटते.

सुटलेल्या औषधाचं मोजमाप यूव्ही स्पेक्ट्रोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र), २४२ नॅनोमीटरला. जेवढं सॅम्पल काढाल तेवढंच ताजं बफर परत घाला आणि हिशोबात ते धरा. त्याच बॅचची दुसरी फिल्म करंट न देता तेवढाच वेळ बुडवून ठेवा, कारण औषध आपोआपही झिरपतं, आणि एक औषध नसलेली फिल्मही चालवा, पायरोलचे सुटे तुकडे त्याच भागात सिग्नल देऊ शकतात. गेलेल्या चार्जवरून डोस काढायचा मोह मात्र आवरा, रिडक्शनच्या वेळी बफरमधला सोडियमही आत घुसून हिशोब जुळवतो, त्यामुळे चार्ज भरपूर आणि औषध थोडंच असं सर्रास होतं.